वणवा, विरळणी आणि हरकती



‘विरळणी’ हा शब्द मूळचा शेतकऱ्याचा. बाजरीचें पीक दाट उगवलें म्हणजे त्यांतलीं पुष्कळ रोपें तो स्वतःच्या हातानें उपटून टाकतो. नवख्या माणसास तें पाहून हळहळ वाटते; पण उरलेल्या रोपांस अन्नपाणी मिळावें म्हणून तें करावेंच लागतें, हें शेतकरी जाणून असतो. त्याला कोणी हरकत घेत नाहीं. शेत त्याचें, बियाणें त्याचें, आणि अंदाज चुकला तर उपासहि त्याचाच. हेंच काम अरण्यांत करावयाचें म्हटलें कीं मात्र एकामागून एक प्रश्न उभे राहतात. अरण्य कोणाचें? कोणतें झाड ठेवावयाचें आणि कोणतें पाडावयाचें, हें कोणीं ठरवावयाचें? आणि ठरविणाराचा अंदाज चुकला तर उपाशी कोणीं राहावयाचें? या प्रश्नांची नुसती तात्त्विक चर्चा मी आज करणार नाहीं. अमेरिकेंतील एका गांवाची हकीकत सांगणार आहें. कारण गेल्या कांहीं वर्षांत हे सारे प्रश्न त्या एका गांवाच्या वेशीशीं येऊन उभे राहिले आहेत.

गांवाचें नांव फ्लॅगस्टाफ. ॲरिझोना संस्थानांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट उंचीवर, सॅन फ्रॅन्सिस्को शिखरांच्या पायथ्याशीं तें वसलें आहे. प्लूटो हा गोल १९३० सालीं प्रथम सांपडला तो याच गांवच्या लॉवेल वेधशाळेंत. या वेधशाळेची उभारणी करण्यास जे आले त्यांत डग्लस नांवाचे एक ज्योतिषी होते. सूर्यावरील डागांचा आणि पावसाचा कांहीं संबंध आहे काय, हें त्यांस पाहावयाचें होतें; पण पावसाच्या जुन्या नोंदी तेथें मिळणार कोठून? तेव्हां ते आसपासच्या झाडांकडे वळले. झाडाच्या खोडांत दर वर्षीं एक वलय वाढतें. पाऊसपाणी चांगलें झालें तर तें रुंद, अवर्षण पडलें तर अरुंद. या वलयांवरून काळ मोजण्याचें शास्त्र डग्लस यांनीं उभें केलें. आकाशाकडे पाहावयास आलेल्या माणसानें जमिनीवरची बखर वाचून दाखवावी, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते.

आपल्या विषयाचा धागा याच वलयांत आहे. गवताची आग झाडाच्या बुंध्यास चाटून गेली आणि झाड वांचलें, तर तो डाग त्या वर्षाच्या वलयांत कायमचा राहतो. असे डाग मोजतां असें आढळलें कीं, १८८० पूर्वीं या रानांत दर दोन ते वीस वर्षांनीं आग येऊन जात असे. येथील मुख्य झाड पाँडेरोसा पाइन. त्याची साल जाड, खालच्या फांद्या गळून गेलेल्या. त्यामुळें गुडघाभर उंचीची गवताची आग वयस्क झाडांस कांहीं करीत नसे. ती फक्त दाटींत उगवलेलीं कोवळीं रोपें खाऊन पुढें जाई. विरळणीचें काम तेथें आगच करीत होती, आणि तेंहि बिनपगारी!

पुढें १८८२ सालीं तेथें आगगाडी आली. तिच्यामागून मेंढ्यांचे आणि गुरांचे मोठमोठे कळप आले. त्यांनीं गवत फस्त केलें. गवत गेलें तशी आगहि थांबली. राहिलेलें काम सरकारनें पुरें केलें. १९१० च्या ऑगस्टमध्यें आयडाहो आणि माँटाना या प्रांतांत दोन दिवसांत सुमारें ३० लाख एकर रान जळालें आणि ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्या धसक्यानें अमेरिकन वनसेवेनें प्रत्येक आग विझविण्याचें व्रत घेतलें. १९३५ सालीं तर असा दंडक घातला कीं, आग दिसली कीं ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे.

येथें थोडें विषयांतर करतों, कारण या व्रताचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. अमेरिकन वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो हे तरुणपणीं युरोपांत ज्यांच्या सल्ल्यानें वनविद्या शिकले, ते डीट्रिख ब्रँडिस म्हणजे १८६४ सालीं नेमलेले हिंदुस्थानचे पहिले वन-महानिरीक्षक. आपल्या सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत त्याच दशकांत कर्नल पिअर्सन यांनीं जाळरेषा काढून वणवा बाहेर ठेवून दाखविला होता, आणि पुढें तोच वस्तुपाठ सरकारी जंगलांत जागोजाग गिरविला गेला. गंमत अशी कीं, फ्लॅगस्टाफजवळ १९०८ सालीं वनसेवेचें पहिलें प्रयोगक्षेत्र निघालें त्याच्या प्रमुखाचें आडनांवहि पिअर्सनच! ब्रह्मदेशांतील सागवनांत मात्र वणवा बंद केल्यावर सागाचें रोप नीट धरीना, म्हणून तेथील कांहीं अधिकाऱ्यांनींच विसाव्या शतकाच्या आरंभीं या बंदीवर शंका घेतली होती. ती शंका अमेरिकेस त्या काळीं पटली नाहीं.

फ्लॅगस्टाफच्या रानाचें पुढें काय झालें? १९१९ सालीं पाऊस आणि बीज यांचा असा योग जुळला कीं, पाइनचीं रोपें चहूंकडे गवतासारखीं उगवलीं, आणि त्यांस खाणारी आग आलीच नाहीं. प्रयोगक्षेत्राच्या एका न तोडलेल्या तुकड्यांत १८७६ च्या सुमारास एकरीं वीस-पंचवीस झाडें होतीं असें वलयांवरून व जुन्या खुंटांवरून ठरतें. १९९० नंतरच्या मोजणींत तेथेंच एकरीं हजाराहून अधिक झाडें भरलीं. हीं झाडें मनगटाएवढीं, मांडीएवढीं, उन्हासाठीं आणि पाण्यासाठीं एकमेकांशीं झगडणारीं. अशा दाटींत आग शिरली म्हणजे ती जमिनीवर राहत नाहीं. बारक्या झाडांची शिडी करून ती शेंड्यावर चढते, आणि मग तीनशें वर्षांचें जुनें झाडहि वांचत नाहीं.

२० जून २०१० रोजीं कोणी तरी न विझवितां सोडून दिलेल्या शेकोटींतून आग लागली. ती शुल्ट्झ वणवा म्हणून ओळखली जाते. सुमारें १५,००० एकर रान जळालें, शेंकडों कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. पण आगींत एकहि घर गेलें नाहीं. लोकांनीं देवाचे आभार मानले असतील. परंतु जळक्या डोंगराची माती पाणी शोषून घेत नाहीं. जुलईंत पावसाळा सुरू होतांच त्या उतारावरून राख, दगड आणि ओंडके घेऊन पाण्याचे लोंढे खालच्या वस्तींत शिरले. २० जुलईस, आग लागल्यापासून बरोबर एक महिन्यानें, बारा वर्षांची एक मुलगी त्या पुरांत वाहून गेली. आगीचें आणि पुराचें मिळून नुकसान १३ कोटी डॉलरांहून अधिक झालें, असा अंदाज तेथील विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं पुढें काढला.

मग त्या गांवानें एक विलक्षण गोष्ट केली. ज्या डोंगरांतून पुढचा पूर गांवांत येईल आणि ज्या पाणलोटांतून गांवाचें पिण्याचें पाणी येतें, तेथील रान विरळ करण्यासाठीं एक कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढावे काय, असा प्रश्न नोव्हेंबर २०१२ मध्यें मतदारांपुढें ठेवण्यांत आला. लक्षांत घ्या, हें रान बहुतेक मध्यवर्ती सरकारच्या मालकीचें, गांवाचें नव्हे. तरीहि जवळजवळ तीन-चतुर्थांश मतें बाजूनें पडलीं. सरकारच्या जंगलांतलीं झाडें तोडण्यासाठीं गांवकऱ्यांनीं आपल्या घरपट्टीवर बोजा चढवून घ्यावा, ही गोष्ट आपल्याकडच्या नगरपालिकांच्या सभा पाहिलेल्या माणसास खरी वाटणार नाहीं.

याच प्रांतांत त्यापूर्वीं झाडतोडीवर केवढे तंटे झाले होते, हें पाहिलें म्हणजे या मतदानाचें महत्त्व कळतें. १ जानेवारी १९७० रोजीं अमेरिकेंत एक कायदा झाला. सरकारी खात्यास मोठें काम हातीं घेण्यापूर्वीं त्याचा जमीन, पाणी, पशुपक्षी यांवर काय परिणाम होईल तें लिहून प्रसिद्ध करावें लागतें, दुसरे पर्याय मांडावे लागतात आणि लोकांच्या म्हणण्यास उत्तर द्यावें लागत असे. तें नीट केलें नाहीं तर नागरिक न्यायालयांत जाऊं शकतो. लोकांस असा हक्क कां हवासा वाटला? कारण पाऊणशें वर्षें वनखातें आणि लांकडाच्या गिरण्या यांनीं मिळून जें तोडलें तें बारकें नव्हतें. तें सर्वांत जुनें, सर्वांत जाड झाड होतें. बारक्या झाडास बाजारांत किंमत नाहीं. तेव्हां जे लोक काल ‘विकास’ म्हणून मोठें झाड पाडीत होते तेच आज ‘आगीपासून रक्षण’ म्हणून करवत घेऊन आले, तर गांवकऱ्यानें पहिली शंका कोणती घ्यावी?

त्या रानांत एक ठिपक्यांचें घुबड राहतें. १९९३ सालीं कायद्यानें त्यास संरक्षण मिळालें, आणि ऑगस्ट १९९५ मध्यें एका न्यायाधीशानें त्या घुबडासाठीं ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथील अकराहि राष्ट्रीय वनांतील लांकूडतोड थांबविली. ती मनाई १९९६ च्या डिसेंबरापर्यंत टिकली. २०१९ च्या सप्टेंबरांत पुन्हां तसाच हुकूम सहा वनांपुरता झाला; कारण घुबडांची गणती करण्याचें जें वचन खात्यानें दिलें होतें तें त्यानें नीट पाळलें नव्हतें. हुकूम खात्यावर होता, पण थंडी तोंडावर आली असतांना सरपणाचे परवाने बंद झाले, आणि त्याचा चटका बसला तो चुलीसाठीं रानावर अवलंबून असलेल्या गरिबांस. परवाने कांहीं आठवड्यांनीं पुन्हां सुरू झाले हें खरें. तरी न्यायालयांतल्या दोन पक्षांत तिसरा पक्ष कसा भरडला जातो, याचें हें उदाहरण विसरण्याजोगें नाहीं.

आपल्याकडे हरकतीची रीत निराळी होती. राबासाठीं टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणें-कुलाब्याकडील शेतकरी आणि वनखातें यांच्यांत इतका बेबनाव झाला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास एक कमिशन बसवावें लागलें. आणि १९३० सालीं तर लोकांनीं विळे-कोयते घेऊन सरकारी जंगलांतील गवत उघड उघड कापलें आणि तुरुंग पत्करला. जेथें अर्ज ऐकला जात नाहीं तेथें कोयता बोलतो. त्या मानानें वकील देऊन भांडणारा अमेरिकन गांवकरी भाग्यवान म्हणावयाचा.

फ्लॅगस्टाफच्या आसपासच्या चार वनांसाठीं पुढें वनाधिकारी, गिरणीवाले, विद्यापीठ, जिल्ह्याचे प्रतिनिधी आणि एरवीं न्यायालयांत जाणाऱ्या निसर्गरक्षक संस्था एका टेबलाशीं बसल्या. वर्षानुवर्षें वाद चालला तो मुख्यतः एका आंकड्यावर: सोळा इंचांहून जाड खोड पाडावें कीं पाडूं नये. बाहेरच्या माणसास हा वाद हास्यास्पद वाटेल. पण माझ्या मतें अविश्वास मोजण्याचें याहून सरळ माप नव्हतें. सोळा इंचांच्या आंतील झाडावर गिरणी श्रीमंत होत नाहीं; त्यावरच्या झाडावर होते. एप्रिल २०१५ मध्यें त्यांतून सुमारें ५ लाख ८६ हजार एकरांचा आराखडा मंजूर झाला. आतां काम झपाट्यानें होईल अशी आशा होती. तसें झालें नाहीं. बारीक लांकडास गिऱ्हाईक मिळेना, जुन्या गिरण्या केव्हांच बंद पडलेल्या, मक्तेदार अडखळले; आणि २०२१ च्या सप्टेंबरांत पुढच्या कामाची भली मोठी निविदा खात्यानें स्वतःच रद्द केली. म्हणून ‘फिर्यादी लोकांमुळें रानें जळतात’ असें कोणी सरसकट म्हणूं लागला तर मी त्यास इतकेंच विचारीन कीं, जेथें कोणीं आडकाठी केली नाहीं तेथें तुमची करवत किती चालली?

हरकत घेणारांचें सगळेंच म्हणणें मला मान्य आहे, असें नाहीं. पण त्यांचे दोन मुद्दे वजनदार आहेत. एक असा कीं, विरळणी हें औषध सर्व रानांस लागू नाहीं. १९८८ सालीं यलोस्टोनमध्यें जें पाइनचें रान जळालें त्याची जात निराळी. तेथें शेंकडों वर्षांनीं एकदां मोठा वणवा यावा आणि सारें रान नव्यानें उगवावें, हाच निसर्गक्रम आहे. फ्लॅगस्टाफचें पथ्य तेथें चालणार नाहीं. दुसरा मुद्दा घराविषयींचा. वनसेवेंतलेच एक संशोधक जॅक कोहेन यांनीं दाखवून दिलें कीं, घर बहुधा ज्वालांच्या भिंतीनें पेटत नाहीं, तर उडत आलेल्या ठिणगीनें पेटतें. पन्हाळींत सांचलेला पाला आणि भिंतीशीं रचलेलीं लांकडें हेंच त्याचें सरण होतें. तेव्हां घर वांचवावयाचें असेल तर आरंभ अंगणापासून करावा. हें खरें आहे. पण शुल्ट्झच्या डोंगराखालीं घर आगीनें गेलें नव्हतें. तेथें पाणी आलें होतें, आणि त्या पाण्यास अंगणांतली झाडलोट अडविणार नव्हती. हा फरक लक्षांत न घेतां दोन्ही पक्ष एकमेकांस मूर्ख ठरवितात.

हकीकतीचा सर्वांत अवघड भाग अद्याप राहिलाच आहे. २१ जुलई २०१९ रोजीं, गांवानें कर्ज काढून ज्या डोंगरांत विरळणी चालविली होती त्याच डोंगरांत वणवा लागला. चौकशींत अधिकाऱ्यांस असें दिसलें कीं, विरळणीच्या कामावरील अवजड यंत्राचें लोखंड खडकावर आपटून उडालेली ठिणगी हें आगीचें बहुधा कारण असावें. आपल्याकडे ज्यास लोक पोकलेन म्हणतात तसलें तें यंत्र. सुमारें दोन हजार एकर जळालें. २०२१ च्या पावसाळ्यांत त्या उतारावरून सनीसाइड नांवाच्या वस्तींत पुन्हां पुन्हां पूर आला, आणि महिनोन्महिने लोक दारांशीं वाळूचीं पोतीं रचून राहिले. ज्या पुराच्या भयानें कर्ज काढलें, तो पूर त्या कर्जाच्याच कामांतून आला!

न्यू मेक्सिकोंत २०२२ सालीं याहून भयंकर घडलें. एप्रिलांत वनसेवेनें आग कमी व्हावी म्हणून मुद्दाम लावलेली आग वाऱ्यानें हातची गेली. शिवाय जानेवारींत पेटविलेला काटक्यांचा एक ढीग बर्फाखालीं महिनोन्महिने धुमसत राहून त्याच सुमारास भडकला. दोन्ही आगी एक झाल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर रान जळालें. त्या संस्थानाच्या इतिहासांत एवढा वणवा नोंदला नव्हता. शेंकडों घरें गेलीं. तेथील स्पॅनिश बोलणारीं जुनीं कुटुंबें, जीं मेक्सिकोच्या काळापासून त्या डोंगरांत सरपण तोडून आणि मेंढ्या चारून राहत आलीं होतीं, तीं उघड्यावर पडलीं. वनसेवेच्या प्रमुखांनीं देशभरच्या अशा आगी नव्वद दिवस थांबविल्या, आणि काँग्रेसनें भरपाईसाठीं जवळजवळ चारशें कोटी डॉलर मंजूर केले. पैसा मंजूर होणें आणि हातीं पडणें यांत किती अंतर असतें तें मीं सांगावयास नको.

मग विरळणी सोडून द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. पाँडेरोसाच्या रानापुरतें बोलावयाचें तर पुरावा बराच स्पष्ट आहे: झाडें विरळ करून, पडलेला पाला-काटक्या सावधपणें जाळून टाकल्या, तर पुढचा वणवा पुष्कळ ठिकाणीं जमिनीवर उतरतो. नुसती तोड करून काटक्या तेथेंच सोडल्या तर उलट सरण रचल्यासारखें होतें. आणि कांहींच न करणें हाहि एक निर्णयच आहे. फक्त त्यावर कोणाची सही नसते, म्हणून त्याविरुद्ध फिर्याद करतां येत नाहीं.

परंतु हरकतीचा हक्क अधिकाऱ्यांच्या वाटेंतला धोंडा समजून उचलून टाकावा, हेंहि मला मान्य नाहीं. मीं आयुष्यभर वर्ग चालविला. फळ्यावर गणित चाललें असतांना मध्येंच शंका विचारणाऱ्या मुलाचा राग येतो. पण निकाल लागल्यावर दारांशीं येऊन भांडणाऱ्या पालकापेक्षां तो मुलगा पुष्कळ बरा. त्यानें विचारलें म्हणून दोनदां तरी माझीच चूक फळ्यावर सांपडली आहे. वनखात्याच्या आराखड्यांत कामाचे फायदे पानोपानीं असतात. यंत्राची ठिणगी उडाली तर काय, वारा फिरला तर काय, आणि खालच्या वस्तीचें नुकसान झालें तर तें कोण भरून देणार, हें त्याच आराखड्याच्या पहिल्या पानावर कां नसावें? तें असतें तर सोळा इंचांवर इतकीं वर्षें भांडण्याची पाळी कदाचित् आली नसती. आणि हरकत घेणारानेंहि आपला कागद शहरांत बसून न लिहितां एक दिवस त्या दाटींत चालून पाहावें. जून महिन्यांत, वारा सुटला असतांना.

फ्लॅगस्टाफचें संकट संपलेलें नाहीं. २०२२ च्या एप्रिलांत एका वणव्यांत गांवाबाहेर तीसेक घरें गेलीं. जूनमध्यें दुसऱ्या वणव्यानें शुल्ट्झच्या जळक्या डोंगराशेजारचें रान घेतलें, आणि बारा वर्षांपूर्वीं पुरांत सांपडलेल्या त्याच वस्तीवर पुन्हां पाणी आलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मतदारांपुढें पुन्हां कर्जरोख्यांचा प्रश्न आला; त्यांत सनीसाइडचें पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचें काम होतें. लोकांनीं तेंहि मंजूर केलें. वरच्या डोंगरांत करवत चालूच आहे, आणि हिंवाळ्यांत बर्फ पडलें म्हणजे काटक्यांचे ढीग पेटवितात. त्या दिवशीं धूर खालीं गांवांत उतरतो, दमेकरी खिडक्या लावून घेतात, आणि वनकचेरींतला टेलिफोन दिवसभर वाजत असतो.